परड्यातला लेथ

गेल्या वर्षी मृगाच्या आधी आमच्या घरी लेथ आला. आमचं घर शिवाजी पेठेत, बोळाच्या आत. टेम्पो बोळाच्या तोंडाशीच थांबला. पुढची चाळीस पावलं जमिनीवर लोखंडी पाइपांचे तुकडे टाकून, त्यावरून लेथ ढकलत आणावा लागला. शेजारच्या तालमीतली पाच-सहा पोरं फुटबॉल सोडून मदतीला आली. पेठेतला पोरगा फुटबॉल सोडून येतो म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. अम्मी दारात उभ्या होत्या. लेथ सोप्यातून आत सरकताना त्यांनी एवढंच विचारलं, "आता हे रोज खाणार काय?"

लेथ भंगारवाल्याच्या काट्यावर एकशे नव्वद किलो भरला होता. तो भंगाराच्याच भावात मिळाला, वर थोडे पैसे टेम्पोचे. उद्यमनगरातल्या ज्या लहानशा कारखान्यात अब्बा पोरवयात कामाला लागले, तो कारखाना बंद होत होता. मालकांच्या मुलांनी दुसरीकडे कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं घेतली होती. कोपऱ्यात पडलेला हा टेबलावरचा छोटा लेथ वितळायला जाणार, हे अब्बांना कुणीतरी मशिदीबाहेर सांगितलं. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, "तो लेथ आपण घेऊ या का?" लग्नानंतरच्या सतरा वर्षांत अब्बांनी आमच्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं आम्हाला आठवत नाही.

हा लेख आम्ही नवरा-बायको मिळून लिहीत आहोत. आमच्यातला एक पतसंस्थेत हिशेब लिहितो, दुसरी शाळेत शिकवते. यंत्रातलं आम्हाला कळत नव्हतं, आताही फारसं कळत नाही. घरात टर्नर असून आम्हाला त्याचं काम कधी पाहावंसं वाटलं नाही, हे मात्र या वर्षात नीट कळलं, आणि लिहायला बसलो ते त्यासाठीच.

अब्बांनी अडतीस वर्षं लेथ चालवला. आधी उद्यमनगरात, मग शिरोलीच्या एमआयडीसीत. ऑइल इंजिनाचे, पंपांचे, नंतर मोटारींचे भाग. आपल्या जिल्ह्यातल्या फौंड्रीत बीड ओतायचं आणि मशीनशॉपमध्ये त्याला माप द्यायचं, यावर किती घरं चालतात हे वाचकांना माहीत आहे. त्यातली आपली घरंही कमी नाहीत. फिटर, वेल्डर, टर्नर, गॅरेजवाले, साचे करणारे. पण पाहुण्यांसमोर आपण मुलाची ओळख करून देताना "डॉक्टरकीला आहे" हे मोठ्याने सांगतो आणि "लेथवर आहे" हे जरा हळू. आम्हीही तसंच करत आलो. अब्बांनीही आयुष्यभर एकच सांगितलं, "माझ्यासारखे हात काळे करू नका."

निवृत्तीनंतर त्यांचे हात स्वच्छ झाले आणि माणूस गप्प झाला. नमाजला जायचं, येताना भाजी आणायची, मग सोप्यात बसून बोटं चोळायची. रक्त तपासलं, साखर तपासली. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट बरे आहेत. हाताला काहीतरी काम द्या." आम्ही बागकाम सुचवलं. अम्मींनी लसूण सोलायला दिला. तोही त्यांनी मुकाट्याने सोलला.

लेथ परड्यातल्या जुन्या न्हाणीत बसवला. खाली काँक्रीटचा ओटा, वर पत्रा, भिंतीला एक मोटर. पहिले दोन महिने अब्बांनी लेथ चालवलाच नाही, नुसता सोलला. प्रत्येक भाग सुटा केला, रॉकेल आणि ब्रशने घासला, गंज काढला, कुठे काय झिजलं आहे ते वहीत लिहिलं. त्यांच्या अक्षरातली वही आम्ही प्रथमच पाहिली. आमची थोरली मुलगी तेव्हा दहावीत गेली होती. ती शाळेतून आली की न्हाणीच्या उंबऱ्यावर बसायची, आधी मोबाइल घेऊन, मग मोबाइलशिवाय.

ज्यांनी लेथ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि हात स्थिर राहतो. लेथवर धातू फिरतो आणि हत्यार स्थिर राहतं. चक म्हणजे धातू घट्ट धरणारा जबडा, तो मोटरीने फिरतो. समोर टूलपोस्टमध्ये कठीण पोलादाचं टोकदार हत्यार. एक चाक फिरवलं की हत्यार पुढे जातं, दुसरं फिरवलं की आडवं. चाकांवर रेघा असतात, एका रेघेला मिलिमीटरचे दोन शतांश. माणसाचा केस साधारण सात शतांशांचा. म्हणजे अब्बा बोटाच्या एका हलक्या ढकलीने केसाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी धातू सोलून काढत होते, आणि आम्ही अडतीस वर्षं त्यांच्या डब्यात चपात्या किती हेच मोजत होतो.

जुन्या लेथला खोड असते. या लेथचा बेड चकाजवळ झिजलेला, त्यामुळे लांब दांडा काढला तर तो एका टोकाला किंचित जाड होतो. नवीन मशीनवर शिकलेला माणूस म्हणेल की हा लेथ निकामी आहे. अब्बा म्हणतात, "खोड माहीत असली की निम्मं काम झालं." दांडा काढताना अर्ध्यावर आले की ते हत्यार एक रेघ पुढे घेतात.

लेथ तयार झाला, पण करायचं काय? इथे अब्बा अडले. त्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम केलं. कागद यायचा, त्यावर माप असायचं, दिवसाला इतके नग काढायचे. आपल्या मनाने काय बनवायचं असतं, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ते दोन दिवस लेथसमोर बसून होते. शेवटी नातीने विचारलं, "बडेअब्बा, आपण इंजिन करू या? खरं चालणारं, पण तळहातावर बसेल एवढं?"

असली छोटी यंत्रं घरी बनवण्याचा छंद जगात जुना आहे. १८९८ साली लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं नियतकालिक सुरू केलं, ते शंभर वर्षांहून जास्त चाललं. तिथले कारकून, मास्तर, दुकानदार आपल्या परसातल्या शेडमध्ये एक छोटा लेथ टाकून खऱ्या कोळशावर चालणारी, माणसाला ओढून नेणारी लहानशी रेल्वे इंजिनं बनवत आले. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं केलं, १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. मुलांना घेऊन जरूर जावं. पण कोल्हापुरात, जिथे गल्लीबोळात लेथ, तिथे हा छंद का दिसत नाही? आम्हाला वाटतं, जो दिवसभर आठ तास लेथपाशी उभा राहतो तो घरी येऊन पुन्हा लेथ कशाला लावेल? आणि ज्याला वेळ आहे, त्याला आपल्या मुलाचे हात काळे झालेले नको असतात.

तरीही हे शहर अशाच एका वेडावर उभं आहे. ही गोष्ट आम्हाला अब्बांनी नव्याने दाखवली. एका रविवारी ते नातीला घेऊन खरी कॉर्नरला गेले. तिथे कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. आपण सगळे रोज त्याच्या बाजूने स्कूटर काढतो, मान वर करून पाहत नाही. तो कॅमेरा आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांच्या कष्टाची खूण. दोघे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे, सुतारकी-मिस्त्रीकीच्या घरातले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि यांना सिनेमाने झपाटलं. मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला, त्यावर चित्रपट दाखवत त्याची अंतर्रचना समजून घेतली आणि स्वतःचा कॅमेरा जुळवायला घेतला. १९१६ साली आनंदराव अकाली वारले. कॅमेरा अर्धवट. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून काम सोडलं नाही आणि १९१८ साली कॅमेरा चालू केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात लागला.

"पण कॅमेरा बनवणं इतकं अवघड काय होतं?" नातीने विचारलं. अब्बांनी घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रं घेतली जात. म्हणजे फिल्म सेकंदात सोळा वेळा सरकायची आणि सोळा वेळा पूर्ण थांबायची, आणि दर वेळी त्याच जागी. फिल्मवरचं चित्र साधारण पंचवीस मिलिमीटर रुंद. समोर पाच मीटरचा पडदा धरला, तर चित्र दोनशे पट मोठं होतं. फिल्म थांबताना मिलिमीटरच्या दहाव्या भागाने जरी इकडेतिकडे झाली, तर पडद्यावर ती दोन सेंटिमीटर उडी. सगळं चित्र थरथरायला लागेल. छिद्रात अडकून फिल्म ओढणारी ती छोटीशी नखी, तिला चालवणारं चाक, समोरची झडप, या सगळ्यांचं माप एकमेकांशी जुळायला हवं. पडदे रंगवणाऱ्या माणसांनी हे कुणाच्याही ऑर्डरीशिवाय केलं. पगार नाही, ड्रॉइंग नाही. अब्बा त्या कागदाकडे बघत म्हणाले, "हे आम्हाला कारखान्यात कुणी सांगितलं असतं, तर कामाला जाताना चाल वेगळी असती."

याच मंडळीत आपले साहेबमामा होते, ते आमच्या घरात कुणाला नीट माहीत नव्हतं. शेख फत्तेलाल, कागलचे, जन्म १८९७. आनंदराव पेंटर यांच्याकडे चित्रकला शिकले, मग बाबूरावांच्या कंपनीत आले. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली, तिच्या संस्थापकांत व्ही. शांताराम, दामले यांच्याबरोबर फत्तेलाल होते. प्रभातचे ते भव्य सेट त्यांच्या नजरेतून उतरले. दामले आणि फत्तेलाल या जोडीने १९३६ साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. कागलचा एक मुसलमान चित्रकार आणि त्याचा ब्राह्मण दोस्त मिळून तुकोबांचा चित्रपट करतात आणि सगळा महाराष्ट्र डोक्यावर घेतो. अब्बा याला 'कोल्हापूरची वागणूक' म्हणतात. आम्ही त्यावर जास्त काही लिहीत नाही.

इंजिनाकडे येऊ. अब्बांनी जो प्रकार निवडला, त्यात सिलिंडर स्वतःच डुलतो. चाक फिरतं तसा सिलिंडर एका खिळीवर डावी-उजवीकडे हलतो. त्याच्या पाठीला एक छिद्र असतं आणि मागच्या उभ्या पट्टीला दोन. एका बाजूला डुलला की छिद्र आत येणाऱ्या हवेच्या भोकाशी जुळतं आणि दट्ट्या ढकलला जातो. दुसऱ्या बाजूला डुलला की तेच छिद्र बाहेरच्या भोकाशी जुळतं आणि वापरलेली हवा निघून जाते. वेगळी झडप लागत नाही. शिकणाऱ्यासाठी यापेक्षा सोपं इंजिन नसेल. सिलिंडर पितळेचा, आतला व्यास दहा मिलिमीटर, दट्ट्याची धाव वीस.

फ्लायव्हील बिडाचं करायचं ठरलं. त्याचा लाकडी पॅटर्न नातीने केला. बीड थंड होताना साधारण शंभराला एक आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. त्याच्या कडा किंचित उतरत्या ठेवायच्या, नाहीतर वाळूतून उचलताना साचा ढासळतो. तिचा पहिला पॅटर्न सरळ कडेचा होता. अब्बांनी काही सांगितलं नाही. ओळखीच्या फौंड्रीत नेला, तिथल्या मोल्डरने वाळूत दाबून उचलला, वाळू कडेने पडली. मोल्डरने नुसतं तिच्याकडे पाहिलं. ती घरी येऊन न जेवता रात्री कानस घेऊन बसली. दुसरा पॅटर्न बरोबर उतरला. तिने भट्टीतून लाल धार वाळूत जाताना पाहिली आणि आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. अम्मींनी तर जाहीर केलं की या मुलीसाठी स्थळ फौंड्रीतच बघावं लागेल.

मधे एक वाईट दिवस आला, तोही सांगायला हवा. आमच्यातल्या ज्याला हिशेब कळतात आणि यंत्र कळत नाही, त्याने अब्बा नमाजला गेले असताना हौसेने लेथ लावला. चक आवळायची किल्ली चकातच राहिली होती. बटण दाबताच ती किल्ली गोळीसारखी सुटली, दाराबाहेर गेली आणि ओट्यावरची अम्मींची कैरीच्या लोणच्याची बरणी फोडून थांबली. दारात त्या क्षणी कुणी नव्हतं, हे अल्लाहचे उपकार. धाकटा दहा मिनिटांपूर्वी तिथेच खेळत होता. अब्बांनी आल्यावर आवाज चढवला नाही. मोटरीचा फ्यूज काढून खिशात घातला आणि आठ दिवस दिला नाही. नवव्या दिवशी न्हाणीच्या दारावर खडूने लिहिलेलं होतं: किल्ली हातातून सुटता कामा नये, चकातून निघून जागेवर जाईपर्यंत. आता घरातल्या प्रत्येकाला ते पाठ आहे. शिवाय बाह्या कोपराच्या वर, ओढणी बाहेरच्या खुंटीवर आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे मुळीच नाहीत. मोज्याचं कापड फिरत्या धातूत अडकलं तर हात ओढला जातो. अब्बांनी हे कारखान्यात घडताना पाहिलं आहे.

इंजिन जुळलं आणि चाललं नाही. सायकलच्या पंपाने जुन्या ट्यूबमध्ये हवा भरली, नळी जोडली, चाकाला बोटाने गती दिली. फुस्स. हवा सिलिंडरच्या पाठीमागून निसटत होती. सिलिंडरची पाठ आणि उभी पट्टी हे दोन पृष्ठभाग एकमेकांना पूर्ण चिकटायला हवेत. आमच्या डोळ्यांना ते आरशासारखे दिसत होते. अब्बांनी निळी शाई लावून एकमेकांवर घासले तर शाई फक्त दोन कोपऱ्यांना लागली. म्हणजे टेकत होते तेवढेच.

त्याच आठवड्यात दुबईहून चाचूंनी एक व्हिडिओ पाठवला. तिथल्या इब्न बतूता मॉलमध्ये एक मोठा हत्ती उभा आहे, त्याच्या पाठीवर घड्याळ. बदीउज्जमान अल-जझरी यांच्या यंत्राची ही प्रतिकृती. दियारबकरच्या दरबारातले हे यंत्रकार. पाण्याची घड्याळं, कारंजी, पाणी उपसायचे पंप अशा पन्नास यंत्रांचं पुस्तक त्यांनी १२०६ साली पुरं केलं. नातीने त्यावर शोधून वाचलं, आणि हत्तीपेक्षा तिला दुसरीच गोष्ट मोठी वाटली. धातू ओतण्यासाठी बंद पेटीत ओली वाळू कशी भरायची आणि झडपेची बैठक कुरुंदाची पूड लावून झडपेवरच घासत घासत पाणी निसटणार नाही इतकी बेमालूम कशी करायची, हे दोन्ही त्यात आहे. पहिली गोष्ट तिने फौंड्रीत पाहिली होती. दुसरी म्हणजे, ज्यासाठी आमचं इंजिन अडलं होतं तीच. आठशे वर्षांपूर्वीचा तो माणूस आणि आमची न्हाणी एकाच अडचणीत.

ती अब्बांकडे गेली, "बडेअब्बा, कुरुंदाने घासायचं ना?" अब्बा म्हणाले, "मी तेच आणायला निघालो होतो." गॅरेजवाले व्हॉल्व्ह बसवायला वापरतात ती पेस्ट आली. खिडकीच्या जाड काचेचा तुकडा सपाट म्हणून खाली ठेवला. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरवायचा, वीस वेळा, मग भाग पाव वळवायचा, पुन्हा वीस. तीन संध्याकाळी हेच. चौथ्या दिवशी निळी शाई सगळीकडे लागली. नळी जोडली. चाकाला बोट लावायच्या आधीच ते एकदा थरथरलं, मग गर्रकन फिरायला लागलं, टक-टक-टक-टक, ट्यूबमधली हवा संपेपर्यंत. शेजारची माणसं भिंतीवरून डोकावली. अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी ट्यूबमध्ये पुन्हा हवा भरली.

आमचं पाहून काही घरांतून विचारणा झाली, म्हणून लिहितो. लेथ घेऊन सुरुवात करू नये. एक चांगला वाईस, दोन-तीन कानशी, करवत, व्हर्निअर आणि एक ड्रिल एवढ्यात वर्ष निघतं. आयटीआयच्या फिटरला पहिल्यांदा लोखंडाचा चौकोनी ठोकळा कानशीने घासून सगळ्या बाजू काटकोनात करायला लावतात. तोच धडा मुलांना द्यावा. बहुतेक मुलं तिसऱ्या दिवशी कंटाळतात, जो चौथ्या दिवशी येतो त्याला पुढचं द्यावं. धातू म्हणून पितळ आणि ॲल्युमिनिअम बरं, हत्यारावर दया करतं. मशीनशॉपच्या मागच्या भंगारात पितळेचे जुने बुश मिळतात. आणि वाफेचा बॉयलर घरी अजिबात करू नये. हवेवर चालणारं इंजिन फुटत नाही. बॉयलर फुटतो. त्यासाठी आधी पाणी भरून, वापरायच्या दाबाच्या दुप्पट दाबाने तपासणारा जाणता माणूस आणि योग्य गेज लागतो. आमच्याकडे इंजिन अजून हवेवरच चालतं आणि वाफेचं नाव काढलं की अब्बा फ्यूजकडे बघतात.

दहावीचा निकाल लागला. गुण चांगले आहेत. मुलीला पॉलिटेक्निकला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा आहे. घरात गेले पंधरा दिवस पाहुणे येत आहेत आणि प्रत्येकाचं एक मत आहे. मुलीच्या जातीला कारखाना कसा, नोकरी कोण देणार, सायन्सला घाला, फार तर कॉम्प्युटरला घाला. एका नातलगाने तर अब्बांनाच विचारलं, "तुम्ही स्वतः म्हणत होता ना, माझ्यासारखे हात काळे करू नका?" सोप्यात सगळे गप्प झाले. आम्हीही. कारण आम्हा दोघांचंही अजून ठरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या एकीला रात्रपाळीची भीती अजून वाटते.

अब्बा उठून न्हाणीत गेले. इंजिन घेऊन आले, पाहुण्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "माझं एवढंच आहे. अडतीस वर्षांत मी लाखो नग काढले. त्यातला एकही आज माझ्याकडे नाही. हा एकच आहे आणि हाही निम्मा तिचा." पाहुण्याने इंजिन उलटंपालटं करून पाहिलं. फ्लायव्हील बोटाने फिरवलं. मग विचारलं, "हे चालतं कशावर?"

फॉर्म भरायची मुदत पुढच्या शनिवारी संपते. पहिल्या पर्यायाची ओळ आम्ही मुलीला स्वतः भरायला सांगितली आहे. न्हाणीत सध्या दुसऱ्या इंजिनाचा सिलिंडर चकात आहे, यात हवा दोन्ही बाजूंनी ढकलणार आहे. अब्बांनी माप वहीत लिहिलंय आणि खाली तारखेऐवजी लिहिलंय: ती आल्यावर.